जिल्हा मागायचा तर परतवाड्याच्या स्टँडवरून मागा

अचलपूर जिल्ह्याची मागणी दर निवडणुकीला वर येते आणि दर वेळी भाषण इमादशाहीपासूनच सुरू होतं. १४९० साली फतहउल्ला इमादउलमुल्कनं वेगळं राज्य उभारलं, एलिचपूर, म्हणजे आपलं अचलपूर, वऱ्हाडाची राजधानी होती, इंग्रजांच्या काळात तर एलिचपूर जिल्हाच होता, तो १९०५ मध्ये अमरावतीत विलीन केला. सगळं खरं. हौजकटोऱ्याची जुनी वास्तू पाहताना माझीही छाती फुगते. पण राजधानी होती म्हणून जिल्हा द्या, हे मंत्रालयात कोण ऐकून घेईल? मग दौलताबादवाल्यांनी तर मुंबईच मागावी!

माझं म्हणणं, परतवाड्याचं बोला ना बाप्पा. आपल्या लेखी परतवाडा म्हणजे अचलपूरचं शेपूट. नगरपालिका अचलपूरची, पोस्टाच्या पत्त्यातही 'अचलपूर कॅम्प'. दरवाजे नाहीत, कोट नाही, त्यामुळे त्याला इतिहासच नाही असं समजून चालतो आपण. हैदराबाद कंटिन्जंटची, म्हणजे निजामाच्या खर्चानं इंग्रज अधिकाऱ्यांखाली चालणाऱ्या फौजेची छावणी इथं होती, तिच्या आसऱ्यानं बाजार वाढला. छावणी गेली, बाजार राहिला. कारण वर मेळघाट होता.

मेळघाटचा साग इथं उतरतो. वनखात्याच्या डेपोत लाकडांचे लॉट लावलेले असतात, प्रत्येक ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर हातोड्याचा ठसा आणि नंबर. लिलावाला आलेला व्यापारी आधी ते तोंडच बघतो. मधे पोकळ आहे का, चीर कुठवर गेली आहे, नखानं खरवडून पाहतो आणि मगच आकडा बोलतो. लग्नातले सोफे-दिवाण घ्यायला लोक आजही लांबून परतवाड्यालाच येतात. आंबिया बहाराची संत्री निघाली की ट्रक आणि कॅरेटांपुढे रस्त्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही.

शकुंतलेबद्दल काय लिहू? १९१३ ची अचलपूर-मूर्तिजापूर लाइन, नॅरोगेज, आता बंद. ब्रॉडगेजची निवेदनं देऊन देऊन लोक म्हातारे झाले.

म्हणून म्हणतो, सकाळी परतवाड्याच्या स्टँडवर उभे राहा. मेळघाटातल्या धारणीकडची गाडी येते. कोरकू आदिवासी बाया मांडीवर लेकरू आणि हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी घेऊन उतरतात, अन् अमरावतीची गाडी शोधतात. धारणी ते अमरावती दीडशे किलोमीटरच्या घरात, तेही घाटातून. परतवाड्याहून पुढचे पन्नास-पंचावन्न वाचले तर गाडी बदलणं वाचतं, 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' ऐकल्यावर करावा लागणारा मुक्काम वाचतो, मजुरीचा दुसरा दिवस वाचतो. निवेदनात हे लिहा. इमादशाही पुरवणीत जोडा हवी तर.

कलेक्टर ऑफिस अचलपुरात की परतवाड्यात, यावर भांडण होईलच. ते मंजुरी आल्यावर करू. त्यात आपला हात धरणारं कोणी नाही.