नॉक ऐकू येईपर्यंत टायमिंग वाढवू नका

धाकट्या भावाने काल रात्री एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली विचारलं, "दादा, उद्या करून बघू का?" त्याच्या गाडीला टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारं यंत्र) आहे, म्हणून हे लिहितोय. मेसेज म्हणतो: टायमिंग (पिस्टन वर पोचण्याच्या किती आधी ठिणगी पडते ते) जेवढं अ‍ॅडव्हान्स, म्हणजे लवकर, तेवढी ताकद, नॉक (मिश्रण भलत्या वेळी पेटल्याचा ठोका) ऐकू येईपर्यंत वाढवा, मग दोन डिग्री मागे या, नॉक सेन्सर सांभाळून घेतो, आणि जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलने ताकद आपोआप वाढते.

पहिलंच विधान चूक आहे. जॉन हेवूड यांच्या १९८८ च्या इंजिनांवरच्या पाठ्यपुस्तकात स्पष्ट दिलंय की सर्वाधिक टॉर्क (फिरवणारा जोर) देणाऱ्या टायमिंगला सिलिंडरमधला दाब टीडीसीनंतर (पिस्टन सर्वात वर पोचल्यानंतर) सुमारे १६ डिग्रीवर कळसाला पोचतो. ठिणगी त्या टायमिंगहून लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनलाच तो दाब आडवा येतो आणि टॉर्क उतरतो. त्या टायमिंगच्या आसपास टॉर्कचा आलेख जवळजवळ सपाट असतो. शेवटच्या दोन डिग्रींनी हाती काही लागत नाही, नॉकचा धोका मात्र वाढतो.

पण माझा खरा संताप दुसऱ्या मुद्द्यावर आहे. नॉक ही वाट दाखवणारी खूण नाही, ते नुकसान आहे. ज्वाला पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं, दाबाच्या लाटा उठतात, पिस्टनच्या पृष्ठभागावरचा गॅसचा संरक्षक थर विस्कटतो. मग रिंग लँड (पिस्टनवरच्या रिंगांमधल्या कडा) तुटतात, हेड गॅस्केट (सिलिंडरच्या माथ्याचं सील) जातं. वरच्या आरपीएमला, पूर्ण बूस्टवर (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबावर), एक्झॉस्टच्या आवाजात हे कानाला कळतच नाही. कळेपर्यंत पिस्टन गेलेला असू शकतो. जुन्या, कमी कॉम्प्रेशनच्या (मिश्रण कमी दाबणाऱ्या), डिस्ट्रिब्यूटरवाल्या (यांत्रिक पद्धतीने ठिणगी वाटणाऱ्या) इंजिनांवर लोक कानाने टायमिंग लावायचे, हे मान्य. ती इंजिनं ते सोसायची. बूस्टवरचं इंजिन सोसत नाही. बूस्ट वाढला की टायमिंग कमीच करावं लागतं.

सेन्सर नॉक झाल्यावर टायमिंग मागे घेतो, होण्याआधी नाही. फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन बसवले तर त्यांच्या खडखडीलाही तो नॉक समजू शकतो. ऑक्टेनबद्दल अर्धं खरं आहे: ते नॉकला अडवतं, त्यामुळे टायमिंग वाढवायला जागा मिळते. ती जागा वापरलीच नाही तर फायदा कसला?

भावाला सांगितलंय: आधी टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) लावून पुलीवरची खूण आणि लॅपटॉपवर दिसणारा टायमिंगचा आकडा जुळतो का बघ. मग डायनोवर (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), कमी टायमिंगपासून सुरुवात करून, एकेक डिग्री. टॉर्क वाढायचा थांबला की थांबायचं, आणि नॉक त्याआधीच दिसला तर तिथून मागे यायचं. रस्त्यावर यातलं काहीही करायचं नाही.