बाळाचा डिप्लोमा, बाबांचा पासवर्ड

लेक बारावीत आहे, कॅल्क्युलसमध्ये 'ए' आहे, म्हणून ग्रॅज्युएशनच्या गाऊनचं माप देऊन मोकळे झाला असाल, तर जरा थांबा. तुम्ही टेक्ससमध्ये राहता. इथे २०२२ च्या बॅचपासून हायस्कूल पास व्हायला आणखी एक विषय आहे : बापाची मिळकत. त्याचा पेपर म्हणजे फॅफ्सा, कॉलेजच्या खर्चासाठी केंद्र सरकारकडे मदत मागण्याचा अर्ज. (फाफटपसारा हा शब्द यावरूनच आला, असं माझं मत आहे. शब्दकोश काहीही म्हणोत.) मदत नको असली तरी मागायची. शेजारी साखर मागून आल्याशिवाय घरात चहा ठेवायचा नाही, असा हा कायदा.

मुलगी एच-४ वर, म्हणजे तुमच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर असेल तर केंद्राची मदत तिला मिळतच नाही. पण म्हणून निश्चिंत होऊ नका. शाळा राज्याचा दुसरा अर्ज पुढे करील, टॅस्फा नावाचा. फॉर्मला तोटा नाही.

सुरुवात फॅफ्साच्या ऑनलाइन खात्यापासून करा. मुलीचं वेगळं, तुमचं वेगळं. तुमचा पासवर्ड तुम्ही विसरणार आणि डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पास झाल्याचा दाखला, तिचा अडणार, हे आधीच मान्य करा, भांडण वाचतं. मग टॅक्स खात्याकडची तुमची माहिती घ्यायला संमती द्या. ती दिली नाहीत तर मदत नाही. ही माहितीही दोन वर्षांपूर्वीची. गेल्या मार्चमध्ये नोकरी गेली असेल, तर ते अर्जाच्या कानावर अजून आलेलं नाही.

आता मालमत्ता. राहतं घर धरत नाहीत, रिटायरमेंटची शिल्लकही नाही. डोंबिवलीचा वन बीएचके मात्र धरतात. तिथे आई राहते, भाडं शून्य, शेअर सर्टिफिकेटवर तुमचं आणि दादाचं नाव, आणि दादा तीन वर्षं तुमच्याशी बोलत नाही. तरी बाजारभावाने तुमचा हिस्सा डॉलरमध्ये लिहायचाच आहे. दादाला फोन लावा. 'आत्ताच का विचारतोयस?' या प्रश्नाला 'लेकीला बारावी पास व्हायचंय' हे उत्तर देऊन बघा.

हे सगळं लेकीला शेजारी बसवून करू नका. मी केलं. सतरा वर्षं घरात ज्याचा उच्चार झाला नाही तो पगाराचा आकडा तिने स्क्रीनवर वाचला आणि विचारलं, "बाबा, मग आपण मसाला डोसा दोघांत एक का घेतो?"

शेवटी एक निर्देशांक निघतो, मुलीला किती मदत द्यायची ते कॉलेज त्यावरून ठरवतं. तो उणे १५०० पासून ९,९९,९९९ पर्यंत कुठेही असू शकतो. उणे आला तर सरकार तेवढे डॉलर घरी पाठवील, असं समजू नका. आणि आकडा काहीही येवो, शाळेला त्याच्याशी देणंघेणं नाही. तिला हवी आहे फक्त 'अर्ज केला' या चौकटीतली खूण. पैसे मिळाले का, हे विचारणारी चौकट नाही.

अर्ज अवघड आहे, ही तक्रार वॉशिंग्टनलाही पोचली होती. म्हणून त्यांनी तो सोपा केला. एरवी १ ऑक्टोबरला उघडणारा अर्ज त्या खेपेला, २०२३ साली, ३० डिसेंबरला उघडला, तोही दिवसातून थोडा थोडा वेळ. ज्यांच्या आईवडिलांकडे सोशल सिक्युरिटी नंबर नव्हता, ती मुलं तर कितीतरी आठवडे दारातच अडकली. म्हणजे ज्यांना खरी गरज, नेमकी तीच.

आता गुपित. हे सगळं टाळण्यासाठीही एक फॉर्म आहे. 'आम्हाला अर्ज करायचा नाही' म्हणून पालकांनी खाली सही करायची, झालं. पासवर्ड नाही, डोंबिवली नाही. मला तो अर्ज भरून झाल्यावर सापडला.

धाकटा नववीत असेल तर मात्र घाई नको. ही अट सगळ्यात आधी आणणाऱ्या लुइझियानाने ती २०१८ च्या बॅचला लावली आणि २०२४ च्या मार्चमध्ये काढूनही टाकली. टेक्ससलाही कधी सुचेल. दादाला फोन तेवढा आत्ताच करून ठेवा.