दर सात वर्षांनी माणूस खरंच नवा होतो का?

गेल्या आठवड्यात मावशीने एक संदेश पुढे पाठवला. तुमच्यापर्यंतही तो कधी ना कधी आला असेल. मजकूर थोडक्यात असा: ‘विज्ञानाने सिद्ध केलं आहे की दर सात वर्षांनी शरीरातली प्रत्येक पेशी बदलते. सात वर्षांपूर्वीचं तुमचं हृदय, त्वचा, मेंदू, हाडं यांतलं आज काहीही उरलेलं नाही. ज्या त्वचेला कुणी जखम केली ती त्वचाही आता नाही. शरीर स्वतःला नवं करतं आणि जुने आजार आपोआप मागे पडतात. फक्त सात वर्षं धीर धरा.’

मावशीला मागच्या वर्षी हृदयविकाराचा झटका येऊन गेला. संदेशाखाली तिने लिहिलं होतं, ‘म्हणजे माझी अजून सहा वर्षं राहिली.’

ते वाचल्यावर मला स्वस्थ बसवेना. संदेश निव्वळ थाप असता तर एका ओळीत निकाल लागला असता. पण त्यात खऱ्याचा अंश बराच आहे, आणि त्या खऱ्याचा हात धरूनच खोटं आत शिरलं आहे. म्हणून एकेक वाक्य घेऊन बोलायला हवं.

‘प्रत्येक पेशी बदलते’

पुष्कळ पेशी बदलतात, हे खरं. किंबहुना संदेशात सांगितलंय त्याहून कितीतरी वेगाने बदलतात. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ३० लाख कोटी पेशी असतात आणि त्यांतल्या सुमारे ३३,००० कोटी रोज जाऊन त्यांच्या जागी नव्या येतात. वजनात मोजलं तर दिवसाला अंदाजे ८० ग्रॅम. आता भागाकार करून पाहा. नव्वद दिवसांत हिशोब पुरा! मग सात वर्षं कशाला, दर तीन महिन्यांनीच माणूस नवा व्हायला हवा.

फसगत त्या भागाकारात आहे. रोज बदलणाऱ्या या पेशी जवळजवळ सगळ्या दोनच ठिकाणच्या: रक्तातल्या आणि आतड्याच्या अस्तरातल्या. तांबडी रक्तपेशी तयार होताना आपलं केंद्रकच टाकून देते. केंद्रक नाही म्हणजे डागडुजीची सोयही नाही. स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिन्यांतून अंग चोरून जाता जाता ती सुमारे १२० दिवसांत थकते, आणि मग प्लीहा व यकृत तिला मोडीत काढतात. तिची जागा भरायला अस्थिमज्जा दर सेकंदाला जवळपास वीस लाख नव्या रक्तपेशी घडवत असते. मधुमेह असलेल्यांची ‘तीन महिन्यांची सरासरी साखर’ सांगणारी तपासणी याच आयुष्यावर बेतलेली आहे. साखर हिमोग्लोबिनला चिकटते आणि ती पेशी मरेपर्यंत सुटत नाही, म्हणून त्या पेशींत मागच्या तीनेक महिन्यांची नोंद सापडते. आतड्याच्या अस्तराची पेशी तर चार-पाच दिवसांचीच.

एखाद्या घरात माणसं पाच आणि वर्षभरात शंभर पाहुणे येऊन गेले, म्हणून घरातली माणसं वीस वेळा बदलली असं कुणी म्हणत नाही. पाहुणे बदलले. आजी तिच्या खाटेवर होती तिथेच आहे. शरीरातही असंच आहे. एकाच प्रकारच्या पेशी पुन्हा पुन्हा बदलतात आणि काही पेशी जन्मापासून जागच्या हलत नाहीत. या दोघींची सरासरी काढली की जो आकडा येतो, तो कुणाचंच वय नसतो.

‘विज्ञानाने सिद्ध केलं आहे’

सिद्ध झालंय ते नेमकं उलट, आणि ते ज्या रीतीने झालं ती गोष्ट मला या संदेशापेक्षा शतपटीने थक्क करते.

झाडाच्या खोडात वर्तुळं असतात, पेशीत नसतात. मग जिवंत माणसाच्या शरीरातली पेशी किती जुनी, हे ओळखायचं कसं? वातावरणात वैश्विक किरणांमुळे कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन थोडा थोडा सतत तयार होत असतो. जुन्या अवशेषांचं वय त्यावरूनच काढतात. पण त्याचं अर्धायुष्य, म्हणजे घटून निम्मा व्हायला लागणारा काळ, सुमारे ५,७३० वर्षांचं. माणसाच्या सत्तर-ऐंशी वर्षांत तो इतका कमी घटतो की त्या घड्याळाचा इथे उपयोग नाही. उपयोग झाला तो वेगळ्याच कारणाने. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून १९६३ पर्यंत उघड्या हवेत एकामागून एक अणुचाचण्या झाल्या आणि हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला. १९६३ साली अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांनी अशा चाचण्या थांबवण्याचा करार केला. त्यानंतर समुद्र आणि वनस्पती तो जादा कार्बन शोषत गेल्या, आणि हवेतलं त्याचं प्रमाण वर्षागणिक उतरत आलं. म्हणजे प्रत्येक वर्षाच्या हवेवर जणू त्या वर्षाचा शिक्का बसला.

हवेतला कार्बन वनस्पतींत जातो, वनस्पतींतून अन्नात आणि अन्नातून आपल्यात. पेशी विभागून नवी तयार होते तेव्हा तिचा डीएनए त्या वेळच्या कार्बनपासून बनतो आणि पुढे पेशी विभागेपर्यंत जवळपास तसाच राहतो. तेव्हा डीएनएतला कार्बन-१४ मोजला की पेशीचं जन्मसाल कळतं. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधले योनास फ्रिसेन आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ साली ही पद्धत मांडली आणि मग एकेका अवयवाकडे वळले. माणसाने हवेत सोडलेल्या त्या विषातून माणसाच्याच शरीराचं पंचांग हाती यावं, हे मला आजही अंगावर काटा आणणारं वाटतं.

त्या पंचांगात सात वर्षांचा कुठला मुहूर्त नाही. प्रत्येक ऊतीचं गणित वेगळं. चरबीच्या पेशी वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास बदलतात; पण त्यांची एकूण संख्या विशीपर्यंत ठरून जाते आणि वजन उतरलं तरी ती कमी होत नाही, पेशी फक्त आकसतात. यकृताच्या पेशी विशीतल्या माणसाच्या असोत वा ऐंशीतल्या, सरासरी तीन वर्षांहून तरुण निघाल्या.

‘हृदयही नवं होतं, जुने आजार मागे पडतात’

इथे मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण या एका वाक्याने माणूस गोळ्या बंद करू शकतो.

हृदयाच्या स्नायूपेशी अजिबात बदलत नाहीत, असं पूर्वी मानत. फ्रिसेन यांच्या गटाने २००९ साली दाखवलं की बदलतात, पण अतिशय सावकाश. पंचविशीत वर्षाला साधारण एक टक्का, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. सबंध आयुष्य धरलं तरी निम्म्याहून कमी पेशी बदलून होतात. उरलेल्या आपल्या जन्मापासून धडधडत असतात, एकही दिवस सुट्टी न घेता. वर्षाला एक टक्का या गतीने सात वर्षांत किती होतात? सात टक्के. संदेश म्हणतो शंभर.

आणि मोठ्या झटक्यात काय होतं? रक्त पोचलं नाही की काही तासांत हृदयाच्या शंभर कोटींपर्यंत स्नायूपेशी मरू शकतात. शरीर ती जागा रिकामी ठेवत नाही, पण भरते ती व्रणाच्या ऊतीने. ही ऊती चिवट असते, हृदयाची भिंत फाटू देत नाही. मात्र तिला आकुंचन पावता येत नाही. आजूबाजूच्या निरोगी पेशींवर तिच्या वाट्याचं काम येऊन पडतं. झेब्राफिश नावाचा छोटासा मासा आहे, त्याच्या हृदयाच्या जवनिकेचा, म्हणजे रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याचा, पाचवा भाग कापून काढला तरी दोनेक महिन्यांत तो पुन्हा उगवतो. माणसाला हे जमत नाही. तो मासा जे करतो ते माणसाच्या हृदयात कसं घडवता येईल, यावर कितीतरी शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं खपत आहेत. ते आपोआप होत असतं तर खपायची गरज काय होती?

झटक्यानंतरच्या औषधांचं काम हे आहे: गुठळी पुन्हा होऊ न देणं, रक्तदाब आणि हृदयावरचा ताण कमी ठेवणं, उरलेल्या भिंतीला ताणून सैल होऊ न देणं. वाचलेल्या पेशींना जपायचं, कारण बदली पेशी रांगेत उभ्या नाहीत.

‘ज्या त्वचेला जखम केली ती त्वचा आता नाही’

वरचा थर नाही, हे खरं. तो तर चार-सहा आठवड्यांतच झडून नवा येतो. पण खोल जखमेचा वण लहानपणापासून म्हातारपणापर्यंत तिथेच असतो, हे आपण रोज पाहतो. त्वचेच्या आतल्या थराला बळकटी देणारं कोलॅजन हे प्रथिन फार मंद गतीने बदलतं, आणि वणाच्या जागी जे नवं येतं तेही वणाच्याच घडणीचं.

गोंदणाची गोष्ट याहून सुंदर आहे. शाईचे कण आतल्या थरातल्या भक्षकपेशी गिळून बसतात. फ्रान्समधल्या मार्सेच्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांवर दाखवलं की ती पेशी मरते, कण बाहेर पडतात आणि शेजारी आलेली नवी पेशी ते पुन्हा गिळते. पेशी बदलल्या, चित्र राहिलं. तेव्हा पेशी बदलली की तिथला इतिहासही पुसला जातो, हे गृहीतच चुकीचं आहे.

‘मेंदूही नवा’

नाही. मेंदूच्या बाह्यभागातल्या, म्हणजे कॉर्टेक्समधल्या चेतापेशींचा कार्बन त्या माणसाच्या जन्मवर्षाचाच निघाला. हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी निगडित लहानशा भागात मोठेपणीही नव्या चेतापेशी तयार होतात, असं २०१३ साली याच पद्धतीने दिसलं. २०१८ साली दुसऱ्या एका गटाला प्रौढांत तशा पेशी सापडल्या नाहीत, आणि तो वाद चालू आहे. पण तो वाद एका कोपऱ्याबद्दलचा आहे. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत आणि बहुतेक आपल्याच वयाच्या आहेत. त्यांच्यातल्या जोडण्या मात्र आयुष्यभर बदलत राहतात, म्हणून तर आपण शिकतो. पक्षाघाताने गेलेला शब्द पुन्हा जिभेवर येतो तोही मुख्यतः जोडण्या नव्याने बसल्यामुळे. त्यासाठी सराव लागतो, आणि तो लवकर सुरू करावा लागतो. सात वर्षं वाट पाहणाऱ्याचं यात मोठं नुकसान आहे.

‘हाडंही नवी’

हे विधान त्यातल्या त्यात ठीक. हाड कुरतडणाऱ्या आणि हाड भरणाऱ्या पेशी सतत कामावर असतात आणि मोठ्या माणसाचा सांगाडा वर्षाला साधारण दहा टक्के नवा होतो. दात मात्र यात धरू नका. दातावरचं इनॅमल एकदा तयार झालं की ते घडवणाऱ्या पेशीच उरत नाहीत, म्हणून किडलेला दात स्वतःहून भरून येत नाही. इनॅमलमधल्या कार्बन-१४ वरून माणसाचं जन्मवर्ष सरासरी १.६ वर्षांच्या फरकाने सांगता येतं. अनोळखी मृतदेहाची ओळख पटवायला याचा उपयोग होतो.

संदेशात डोळा नाही, पण मला तो घ्यावासा वाटतो. भिंगाचा गाभा आपण आईच्या पोटात असतानाच तयार होतो आणि त्यातली प्रथिनं नंतर कधीच बदलत नाहीत. तीच प्रथिनं साठ-सत्तर वर्षांनी गढूळ होतात, त्यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो. भिंग दर सात वर्षांनी नवं होत असतं तर मोतीबिंदू कुणाला झालाच नसता. याच गाभ्यातल्या कार्बनवरून २०१६ साली ग्रीनलँड शार्क माशाचं वय काढलं. सर्वांत मोठी मादी किमान २७२ वर्षांची निघाली.

‘पेशी नाही तर निदान अणू तरी बदलतात’

हा मुद्दा संदेशात नाही, पण चर्चेत कुणीतरी काढतंच. बराचसा खरा आहे. शरीरातल्या पाण्यापैकी निम्मं साधारण आठ-दहा दिवसांत बदलतं. १९३०च्या दशकात रुडॉल्फ शोनहायमर या जीवरसायनशास्त्रज्ञाने जड हायड्रोजनची खूण घालून दाखवलं की शरीरातली साठलेली वाटणारी चरबीसुद्धा सतत मोडत आणि घडत असते. पण सगळेच अणू बदलत असते तर डीएनएत, इनॅमलमध्ये आणि भिंगात जुना कार्बन सापडलाच नसता. आणि हृदयाच्या व्रणातले अणू बदलले तरी व्रण तो व्रणच राहतो.

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘मग माझ्यात माझ्याएवढं जुनं काय काय आहे?’ डोळ्याचं भिंग म्हणावं तर तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मी म्हटलं, ‘तुझ्या मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी. आणि हृदयातल्या निम्म्याहून जास्त पेशी तुझ्या जन्मापासूनच्या आहेत मावशी. झटक्यातून वाचल्या त्या त्याच.’

ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘थांब, रात्रीची गोळी राहिलीय,’ आणि फोन ठेवला.