गुणिले पंच्याऐंशी

"किती स्वस्त आहे हो तुमच्याकडे सगळं!" हे उद्गार ज्याच्या मुखातून आले, त्याच मुखात गेलेल्या पोह्यांचे, जिलबीचे आणि चहाचे पैसे मी नुकतेच चुकवले होते. तीनशे साठ रुपये. न्यूयॉर्कहून आलेल्या चिरंजिवांचं यूपीआय इथे चालत नव्हतं, सुटे नव्हते, आणि त्यांचे तीर्थरूप, म्हणजे आमच्या इंदूरच्या रामबागेतले नाना, पाकीट घरी विसरायला कधीच विसरत नाहीत. दुसऱ्याच्या खिशातून खाल्लं की कुठलंही शहर स्वस्तच. झुरिकसुद्धा.

तीनशे साठ रुपयांचं काही नाही. (आहे. पण असू द्या.) राग त्या वाक्याचा आहे, कारण परदेशी बदली होणाऱ्या लोकांचे भत्ते ठरवायला शहराशहरांच्या भावांचे तक्ते करणं हाच माझा धंदा आहे, आणि हे नानांना चांगलं ठाऊक आहे.

नाना निवृत्त हिशेबनीस. मुलगा अमेरिकेला गेल्यापासून त्यांचं सगळं गणित पंच्याऐंशीच्या पाढ्यावर येऊन थांबलंय. डॉलर खाली असताना ते पंच्याऐंशीनेच गुणत, वर गेला तरी पंच्याऐंशीनेच गुणतात. "लमसम धरायचं," म्हणतात. त्या सकाळी पोह्यांच्या गाडीसमोर उभे राहून त्यांनी खणखणीत आवाजात जाहीर केलं, "तिकडे केस कापायला चाळीस डॉलर! म्हणजे चौतीसशे रुपये!"

पोहेवाल्याचा शेव घालणारा हात हवेत थांबला. "चौतीस सौ में तो भिया, मैं पूरे मोहल्ले को गंजा करवा दूँ."

नाना खूश. मग पगार आला. वर्षाला एक लाख वीस हजार डॉलर, गुणिले पंच्याऐंशी, एक कोटी दोन लाख. आजूबाजूच्या प्लेटा स्तब्ध. मग घरभाडं, महिन्याला तीन हजार डॉलर, म्हणजे दोन लाख पंचावन्न हजार. "अरे देवा" वगैरे. कमाईला गुणलं की अभिमान आणि खर्चाला गुणलं की हाय हाय, अशी नानांची दुहेरी नोंद पद्धत आहे. दोन्हीकडे त्याच आकड्याने गुणलं तर तो आकडा कटून जातो, हे एवढ्या निवृत्त हिशेबनिसाला कळत नसेल असं नाही. पण कटून गेला तर सांगायचं काय?

मी म्हटलं, "नाना, खायच्या-राहायच्या पैशाला बाजारातला दर लावत नाहीत. वर्ल्ड बँक देशोदेशीच्या वस्तूंची टोपली भरून भाव ताडून बघते. अमेरिकेत सरासरी एक डॉलरला जे येतं, ते आपल्याकडे वीस-बावीस रुपयांत येतं. एकवीस धरा."

नानांनी मोबाइलवर गुणाकार केला. चेहरा उतरला. "पंचवीस लाख?"

"साधारण."

"म्हणजे तुम्ही माझ्या मुलाचे सत्त्याहत्तर लाख कापलेत."

"मी नाही. वर्ल्ड बँकेने."

"वर्ल्ड बँकेत कोण आहे तुमचं?"

"कोणी नाही हो. आणि हे अख्ख्या अमेरिकेच्या सरासरीवर. न्यूयॉर्क त्याहून महाग, तेव्हा आणखी थोडे कमी धरा."

"अजून कापताय!" नानांनी गाडीभोवतीच्या मंडळींकडे साक्षीदाराच्या अपेक्षेने पाहिलं. पांढऱ्या टीशर्टातल्या एका पूर्ण अनोळखी गृहस्थांनी मान डोलावली. "सही बोल रहे हैं अंकल. एक करोड़ तो एक करोड़ होता है." या गृहस्थांचा संबंध फक्त एवढाच की ते जिरावनाची (पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याची) डबी हातात धरून उभे होते आणि कोणालाच देत नव्हते. त्यांनी मला विचारलं, आप क्या करते हैं? मी सांगितलं. ते म्हणाले, "ये भी कोई काम है?" माझे पोहे तोवर गार झाले होते, आणि त्यांवर जिरावन अजून पडायचंच होतं.

आता पंच्याऐंशी कुठे लावायचे ते सांगतो, कारण ते साफ चूक नाहीत. जे डॉलर तिथे खर्च होतात त्यांना टोपलीचा दर, आणि जे वाचून इकडे येतात त्यांना बाजाराचा. आयफोन, विमानाचं तिकीट, लॅपटॉप यांनाही बाजाराचा, कारण या वस्तू सीमा ओलांडतात. म्हणून खरा प्रश्न पगाराचा नसून बचतीचा. एक लाख वीस हजारांतून केंद्राचा आयकर, राज्याचा आयकर, न्यूयॉर्क शहराचा स्वतःचा वेगळा आयकर, वर सोशल सिक्युरिटी (म्हणजे पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा आरोग्यविमा) यांचे मिळून ७.६५ टक्के जातात. एकट्या माणसाच्या हाती महिन्याला सात हजारांच्या जरा खाली उरतात. विम्याचा हप्ता अजून कापायचाय. त्यातले तीन हजार भाडं. तिथले घरमालक वर्षाचं उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या चाळीसपट मागतात. तीन हजारांना चाळीसने गुणा, बरोबर एक लाख वीस हजार. चिरंजिवांना घर अगदी काठावर मिळालं. "वाचतात किती?" असं मी विचारलं तेव्हा त्यांनी मोठा जिलबीचा तुकडा तोंडात घातला.

आणि तिथल्या किमतीच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नये. आपल्याकडे एमआरपीत कर धरलेला असतो. न्यूयॉर्कमध्ये हॉटेलात ८.८७५ टक्के विक्रीकर बिलावर वेगळा चढतो. मेन्यूवर २० डॉलर लिहिलेली डिश करासह २१.७८, वर टिप २० टक्क्यांनी ४, म्हणजे २५.७८. ज्याने तक्त्यात २० लिहिले त्याचा तक्ता तिथेच फसला. लंडनमध्ये कर किमतीतच धरतात, पण काउन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, घरमालकाऐवजी भाडेकरू भरतो. बर्लिनमध्ये तर बऱ्याच घरांत ओटाच नसतो. आधीचा भाडेकरू स्वयंपाकघर उचकटून घेऊन जातो. शिवाय टीव्ही असो-नसो, महिन्याला १८.३६ युरो प्रसारणाची वर्गणी.

केस कापणं तिकडे एवढं महाग का, हे कोडं मात्र १९६४ साली बेला बलासा आणि पॉल सॅम्युएलसन या अर्थतज्ज्ञांनी वेगवेगळं बसून सोडवलं. न्यूयॉर्कचा न्हावी आपल्या मालवा मिलच्या न्हाव्यापेक्षा भराभर कापत नाही. पण तिथे शेजारच्या कचेऱ्यांत आणि कारखान्यांत एकेक माणूस खूप उत्पादन करतो, म्हणून मजुरी वर जाते, आणि त्या मजुरीशी बरोबरी केल्याशिवाय कोणी कात्री हातात धरत नाही. जाडे पोहे, तेल, साखर यांचे भाव जगभर थोडेफार जुळतात; पहाटे चारला उठणाऱ्या माणसाचा भाव जुळत नाही. "इंदूर किती स्वस्त" याचा सरळ अर्थ, पोहेवाल्याला किती कमी मिळतं. हे मी त्या सकाळी म्हणालो नाही, नाही तर जिरावनवाले गृहस्थ पुन्हा बोलले असते.

महागड्या शहरांच्या याद्यांचं म्हणाल तर मर्सर या सल्लागार कंपनीची यादी कंपन्यांसाठी असते. दोनशेहून जास्त वस्तू, पाया न्यूयॉर्क. २०२४ मध्ये हाँगकाँग, सिंगापूर, झुरिक असा क्रम. इकॉनॉमिस्टवाल्यांच्या संस्थेची यादीही न्यूयॉर्कला १०० मानते. २०२३ मध्ये तिने सिंगापूर आणि झुरिक दोघांना वर बसवलं. सिंगापूर वर बसण्यात मोटारींचा हात मोठा. तिथे कार घेण्याआधी दहा वर्षांचा परवाना लिलावात घ्यावा लागतो, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये लहान गाडीचा नुसता परवाना एक लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेला. जो मेट्रोने फिरतो आणि हॉकर सेंटरमध्ये जेवतो, त्याच्या सिंगापूरशी या यादीची गाठ पडत नाही.

नंबिओसारख्या वेबसाइटवर तर कोणीही जाऊन भाव भरतो. टोपलीत काय? कॅपुचिनो, मार्लबोरोची डबी, लिव्हाइसची जीन्स, आयात बिअर, शनिवार-रविवारी तासभर टेनिस कोर्टाचं भाडं. आता रामबागेतल्या कुठल्या घराचा महिना टेनिस कोर्टावर अडतो? धुणंभांडीवाली बाई नाही, इस्त्री नाही, मुलांची कोचिंग क्लासची फी नाही. घरभाडं दोन प्रकारचं, 'सिटी सेंटरमधलं' आणि 'बाहेरचं', कारण पाश्चात्त्य शहरात मध्यभाग महाग असतो. इंदूरचा मध्य म्हणजे राजवाडा. तिथे वन बीएचके शोधायला निघालात तर बोळात स्कूटर अडकून परत याल. महाग घरं विजयनगरकडे. भाव भरणारा जे मनात येईल ते सेंटर धरतो.

शिवाय टोपली कोणाची? इंदुरी टोपली न्यूयॉर्कला नेली तर न्यूयॉर्क भयंकर महाग, कारण त्यात बाई आणि इस्त्रीवाला आहे. न्यूयॉर्कची टोपली इथे आणली तर इंदूर तेवढं स्वस्त राहत नाही, कारण तिच्यात चीज, ब्लूबेरी आणि चोवीस तास गरम पाणी आहे. दोन्ही हिशेब करायचे आणि गुणाकाराचं वर्गमूळ काढायचं, ही अर्थतज्ज्ञ अर्व्हिंग फिशरची रीत. नानांना वर्गमूळ येतं. त्यात मुलाचं कौतुक बसत नाही एवढीच अडचण.

पाण्यावरून आठवलं. नर्मदा सत्तर किलोमीटरवरून चढून इंदुरात येते, आणि बऱ्याच वस्त्यांत एक दिवसाआड. मग टाकी, मोटर, उन्हाळ्यात टँकर, वर आरओ, त्याचं वर्षाला फिल्टर, विजेसाठी इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी. न्यूयॉर्कचा माणूस नळ सोडतो आणि तेच पाणी पितो. हा खर्च कुठल्या रकान्यात टाकणार? पेट्रोल घ्या. इंदुरात लीटरला शंभराच्या वर. अमेरिकेत २०२५ मध्ये गॅलन साधारण तीन-सव्वातीन डॉलरला होता. गॅलन म्हणजे ३.७८५ लीटर, तेव्हा लीटरला, हो, पंच्याऐंशीनेच गुणून, सदुसष्ट ते त्र्याहत्तर रुपये. नानांच्या पाढ्यानेही आपण महाग. हे सांगितल्यावर नाना म्हणाले, "ते वेगळं."

त्यांच्या भाच्याला दुबईहून महिना पंधरा हजार दिरहमचं बोलावणं आलंय. आयकर नाही, म्हणून घरात पेढे वाटून झाले. मी चहाच्या कपाखालच्या कागदावर आकडे मांडले. समजा घर वर्षाला ७२,००० दिरहमचं, भाडं चार चेकांत. पहिला चेक १८,०००. अनामत ५ टक्के, ३,६००. एजंट बहुधा ५ टक्के, ३,६००. वीज-पाण्याची अनामत फ्लॅटला २,०००. कराराची नोंदणी दोनशे-सव्वादोनशे. म्हणजे पहिला पगार हाती यायच्या आत सुमारे २७,४००, जवळजवळ दोन पगार. आणि दर महिन्याच्या वीजबिलात भाड्याच्या ५ टक्क्यांचा गृहकर, इथे ३०० दिरहम. तेव्हा नोकरी घेताना पगाराआधी विचारावं, की घराची उचल कंपनी देते का, आणि किती महिन्यांत कापते.

नानांनी कागद घडी करून खिशात घातला. पाकीट नसलं तरी खिसा होता.

तेवढ्यात चिरंजीव म्हणाले की परतीच्या दोन बॅगा तेवीस-तेवीस किलोच्या, आणि त्यातली एक आईने अर्धी भरून ठेवलीये. लसूण शेव, जिरावन, गोडा मसाला, भाजणी, मेतकूट. वर्षभराचं. मी विचारलं, यातला बेसन-तेलाचा आणि वहिनींच्या मेहनतीचा खर्च तुम्ही न्यूयॉर्कच्या हिशेबात धरता का इंदूरच्या?

"घरचंच तर आहे," नाना म्हणाले. "त्याचे कसले पैसे?"