गप्प बसा, सक्रिय अध्ययन सुरू आहे

सुलभक मित्रहो, अभिनंदन! शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्यांच्या तालुक्याच्या यादीत तुमचं नाव लागलं. आता पाच दिवस, सकाळी साडेदहा ते संध्याकाळी पाच, शंभरेक गुरुजी-बाईंना तुम्ही घडवायचं आहे. विषय पाठ करून ठेवा: 'सक्रिय अध्ययन, चारित्र्यनिर्मिती आणि निरंतर व्यावसायिक विकास'. बॅनरवर एका ओळीत मावत नाही, म्हणून 'निरंतर' बारीक अक्षरात घेतात. गेल्याच आठवड्यात असं एक घडवणं सोसून झालंय. कंबर अजून धरलेली आहे, तोवर चार सूचना तुमच्या पदरात टाकाव्या म्हटलं.

प्रशिक्षण ठेवावं मार्चमध्ये. ३१ तारखेच्या आत निधी संपवायचा असतो, हे एक. दुसरं म्हणजे शिकलेलं वर्गात करून बघायला मधे दिवसच उरत नाहीत. पुढे संकलित मूल्यमापन, मग निकालपत्रकं, मग सुट्ट्या. जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत सगळं विसरून झालेलं असतं, म्हणजे पुढच्या मार्चमध्ये तेच प्रशिक्षण पुन्हा घ्यायची सोय राहते.

हॉल पत्र्याचा बघा. पडदा खिडकीच्या समोर टांगा. ऊन पडून काही दिसलं नाही तरी बिघडत नाही, कारण तुम्ही वाचूनच दाखवणार आहात. एका स्लाइडवर बारा ओळी हव्यात. 'अध्ययनार्थी हा ज्ञानाचा निष्क्रिय ग्राहक नसून' इथपर्यंत तुम्ही पोचता तोवर समोरच्यांचं खालपर्यंत वाचून झालेलं असतं. डोळे पुढे गेलेले, कान मागे राहिलेले. दोघांची ओढाताण झाली की माणूस दोन्ही सोडतो आणि मोबाइल काढतो. मोबाइल काढला की 'हे बघा, आजचे शिक्षक' असा टोमणा मारायची संधी तुम्हाला मिळते. लाईट जाईलच. जनरेटर सुरू होईपर्यंत सुलभकानंही बंद राहावं.

चुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा झाला की पावसाची टाळी घ्या. एक बोट, दोन बोटं, मग पूर्ण हात. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या मुख्याध्यापकांनाही 'होडी बुडाली, तीन-तीनचे गट करा' म्हणून पळवा. हे झालं सक्रिय. आता खाली बसवा आणि अध्ययन सुरू करा.

गटकार्य हवंच, पुस्तिकेत तसं छापलंय. गटांना नद्यांची नावं द्या: गोदावरी, मांजरा, पूर्णा, दुधना, सिंदफणा, तेरणा. एकेका गटात अठरा जण कोंबा. गटाला एक चार्टपेपर आणि एक स्केचपेन, तोही सुकत आलेला. प्रश्न सहाही गटांना एकच: 'चांगल्या शिक्षकाचे गुण लिहा.' अक्षर चांगलं म्हणून पेन एखाद्या बाईंच्या हाती जातो, दोघं जण सांगतात, आणि उरलेले पंधरा बदली पोर्टल, यू-डायसवर भरायची शाळेची माहिती आणि जुनी पेन्शन यांवर खरोखर सक्रिय चर्चा करतात. वीस मिनिटांनी सहा नद्या सहा वेळा तेच वाचून दाखवतात: 'शिक्षक हा मित्र, मार्गदर्शक व तत्त्वज्ञ असावा.' प्रत्येकीला शाबासकीची टाळी. चार्ट भिंतीवर, फोटो ग्रुपवर. पाचव्या दिवशी त्याच चार्टवर फरसाण ओततात.

चुकूनही चौघांचा गट करू नका. चौघांत लपायला जागा नसते. आधी तीन मिनिटं ज्याचं त्यानं वहीत लिहायचं, मग शेजाऱ्याशी ताडून बघायचं, मग गटात यायचं, असा क्रम तर मुळीच लावू नका. तसं केलंत तर मागच्या बाकावरचा माणूसही काहीतरी हातात घेऊन गटात येईल आणि आयतं ऐकण्याची त्याची सोय जाईल. विषयाचे तुकडे पाडून गोदावरीला एक, मांजरेला दुसरा, असं वाटूनही देऊ नका. एलियट अरॉन्सन या मानसशास्त्रज्ञानं १९७१ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिन शहरातल्या शाळांत हा उद्योग केला. वेगवेगळ्या वंशांची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि त्यांचं जमत नव्हतं. त्यानं धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकेक दिला. दुसऱ्याचं नीट ऐकल्याशिवाय कुणाचाच धडा पुरा होईना, म्हणून मुलं एकमेकांचं ऐकायला लागली. हॉलमधले लोक एकमेकांचं ऐकायला लागले तर तुमचं कोण ऐकणार?

प्रश्न विचारा, पण थांबू नका. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७० च्या सुमारास वर्गांमधल्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंदच थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं, गप्प मुलंही तोंड उघडतात. म्हणून एका सेकंदात 'बरं, मीच सांगतो' म्हणा. तीन सेकंदांची शांतता फार धोक्याची असते, तिच्यात कुणीतरी विचार करून बसतं.

चार पर्यायांचा प्रश्न टाकून 'एक, दोन, तीन, चार बोटं छातीपाशी धरा' असं तर कधीच सांगू नका. फुकटात होतं, शेजाऱ्याला दिसत नाही आणि कुणाला काय कळलं नाही ते एका नजरेत तुम्हाला दिसतं. हार्वर्डात भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझूर याच धर्तीवर चालतात. आधी ज्याचं त्यानं उत्तर द्यायचं. साधारण तीस ते सत्तर टक्के बरोबर आले तर शेजाऱ्याला पटवायला दोन-तीन मिनिटं द्यायची आणि पुन्हा मत घ्यायचं. तीसच्या खाली आले तर पुन्हा समजावायचं, सत्तरच्या वर असतील तर पुढे जायचं. म्हणजे पुढे काय शिकवायचं ते समोरच्यांच्या उत्तरांवर ठरतं. तुमचं मात्र पुढच्या स्लाइडवर ठरलेलं आहे, तेव्हा या भानगडीत पडायचं कारण नाही.

कुणी उलट प्रश्न विचारलाच तर 'प्रश्न शेवटी घेऊ'. शेवटी वेळ नसतो.

इथे मात्र जरा थांबावंसं वाटतं. छत्रपती संभाजीनगरात बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचं नाव आहे आणि परिसराला नागसेनवन म्हणतात. मिलिंद म्हणजे प्रश्न विचारणारा राजा, नागसेन म्हणजे उत्तर देणारा भिक्खू. राजानं आडवातिडवा प्रश्न केला, 'नागसेन नागसेन म्हणतात तो नेमका कोण?' नागसेनानं पुस्तिकेचं पान उघडलं नाही. त्यानं विचारलं, महाराज, आलात कशातून? रथातून. मग आस म्हणजे रथ का? नाही. चाकं? नाही. जू? नाही. एकेक भाग दाखवत, राजाकडून 'नाही' म्हणवून घेत, त्यानं राजाचं उत्तर राजाच्याच तोंडून काढलं. समोरची वस्तू, छोटे प्रश्न, आणि उत्तर शिकणाऱ्याचं. सक्रिय अध्ययन अजून काय असतं? हे ज्या भूमीत दगडावर कोरून ठेवावं तिथे 'प्रश्न शेवटी घेऊ'! बाप्पा, नागसेनानं असं म्हटलं असतं तर राजा रथात बसून परत गेला असता. आणि परत जायची मुभा तरी त्याला होती. इथे गेटवर मस्टर घेऊन माणूस बसवलेला असतो.

असो. सूचनांकडे वळू.

स्वतः काही करून दाखवू नका. तुमची तरी काय चूक? राज्यात झालेलं प्रशिक्षण विभागाला येतं, विभागातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून केंद्राला. दर टप्प्याला दिवस कमी, माणसं जास्त. पहिल्यांदा गळतं ते करून बघणं, कारण त्यालाच वेळ लागतो. उरते पीडीएफ. जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाणी सुटल्याची बातमी टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत रोज पोचते, पाणी तेवढं पोचत नाही, तसं आहे हे. कौशल्य हाताला लागायचं तर आधी कुणीतरी करून दाखवावं लागतं, मग आपण करायचं, मग कुणीतरी बघून चूक सांगायची, मग आपल्या वर्गात परत करायचं आणि महिन्याभरानं तोच माणूस वर्गात येऊन बसायचा. यातला शेवटचा टप्पा कुठल्याच अंदाजपत्रकात नसतो. चहा-नाश्ता असतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकास सांगितलाय. तास भरायचे आहेत, घागर नव्हे. व्हिडिओ चालू करून मोबाइल चार्जिंगला लावा.

आयुष्यभर शिकत राहण्याची ओढ माणसाला १२ वर्षांनी, प्रशिक्षणाशिवाय न मिळणाऱ्या वरिष्ठ वेतनश्रेणीच्या वेळी येते आणि २४ वर्षांनी निवडश्रेणीच्या वेळी, सिंहस्थासारखी.

पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी एकाच प्रश्नपत्रिकेवर घ्या. उत्तरचाचणीच्या वेळी उत्तरं फळ्यावर लिहा. प्रगती आलेखात छान दिसते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक मिटून 'काल काय झालं ते पाच ओळींत आठवून लिहा' असं सांगणं याहून स्वस्त आहे, आणि पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून काढलेलं जास्त दिवस टिकतं हेही प्रयोगांतून दिसलेलं आहे. पण त्याचा आलेख निघत नाही.

आता चारित्र्य. जेवणानंतरचं सत्र द्या, मसालेभाताच्या गुंगीत मूल्यं चांगली झिरपतात. आपल्याकडे ती दहा आहेत, परिपाठामुळे पोरांना तोंडपाठ: वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा आणि पुढची. बीड जिल्ह्यात २००९ साली जिल्हा परिषदेच्या ५०० शाळांपासून 'मूल्यवर्धन' नावाच्या उपक्रमाचं काम सुरू झालं. तिथे मूल्यं सांगायची नव्हती, जोडीनं-गटानं बोलून, करून, वागून यायची होती. तुम्ही त्यावरची स्लाइड वाचा. हार्टशोर्न आणि मे या दोन संशोधकांनी १९२० च्या दशकात अमेरिकेत सुमारे अकरा हजार मुलांना फसवायची संधी देऊन बघितली. एका ठिकाणी प्रामाणिक राहिलेलं पोरगं दुसऱ्या ठिकाणी फसवतं, आणि सचोटीचे धडे ऐकल्यानं फारसा फरक पडत नाही, असं त्यांना आढळलं. आजूबाजूला काय चालतं ते बघून मूल वागतं. मोठी माणसंही.

गेल्या आठवड्यातल्या आमच्या सुलभकांनो, आता तुम्हालाच विचारायचं आहे: त्या सत्राच्या दुपारी तुमच्या हॉलमध्ये आजूबाजूला काय चाललं होतं, बघितलंत? पडद्यावर 'प्रामाणिकपणा'. तुम्ही 'कुणी बघत नसताना आपण जे करतो ते चारित्र्य' वाचताय. आणि दुसऱ्या रांगेतून मस्टर फिरतंय. त्यात दुपारची सही सकाळी अकरालाच झालेली, गुरुवारी शुक्रवारचीही. पैठणला लग्नाला गेलेल्या दोघांच्या सह्या शेजाऱ्यानं केल्या, एक निळ्या पेननं, एक काळ्या पेननं, हुशारीनं. ते तुम्ही बघितलं. बघून स्लाइड बदलली. फोटोत माणसं कमी दिसतील म्हणून मागच्यांना पुढे बोलावलं, मोबाइल उंच धरला, लोकेशन नीट आलंय ना ते तपासलं. पाच दिवसांत तुम्ही मनापासून तपासलेली गोष्ट ती एकच.

पुरे झाला उपरोध. लाज वाटायला हवी, तुम्हाला आणि खाली बसलेल्यांनाही. खोटी सही करून घेणारा साहेब, करणारा गुरुजी आणि नजर फिरवणारा सुलभक, यातल्या कुणालाही उद्या परिपाठात पोरांना 'नेहमी खरे बोलावे' म्हणायचा हक्क नाही. आणि 'वरून आदेश आहे' हे रडगाणं नको. अठरा जणांचे गट चौघांचे करायला कुठला जीआर लागतो? प्रश्न विचारून तीन सेकंद थांबायला कुणाची मंजुरी लागते?

दोन शिक्षकी शाळांचा हिशेब तर कुणी धरतच नाही. एक गुरुजी पाच दिवस हॉलमध्ये. मागे उरलेल्या बाई पहिली ते चौथी चारही वर्ग बघतात, खिचडीचे तांदूळ मोजतात, आणि दुपारी बारा वाजता 'माहिती आजच्या आज लिंकवर भरा' म्हणून फोन येतो. ऊसतोडीहून परत आलेली पोरं नेमकी मार्चमध्ये शाळेत यायला लागतात. चार महिने फडावर काढलेले असतात, वाचन सुटलेलं असतं. त्या पोरांजवळ बसायचा आठवडा तुम्ही 'अध्ययनार्थी हा निष्क्रिय ग्राहक नसून' ऐकण्यात घालवला.

आणि हॉल तरी कुठे होता? केंद्रशाळेचाच. पत्र्याच्या पार्टिशनपलीकडे चौथीचा वर्ग, त्यांचे गुरुजी अलीकडे, आमच्यात. पाचही दिवस ती पोरं एकटी बसून तेरा ते वीस पाढे ओरडत होती. तिसऱ्या दिवशी एकानं दारातून डोकावून विचारलंही, 'सर, तुमी काय करायलेत?' त्याला हाकललंत. अहो, त्यालाच आत घ्यायचं होतं! किंवा आम्हाला पंचवीस-पंचवीस करून पलीकडे न्यायचं होतं. अर्धा तास पाठ, अर्धा तास त्यावर बोलणं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानं शिकवायचं. तीस पोरं, फळा, खडू, सगळं दहा पावलांवर होतं. तुम्ही उठून काय केलंत? आवाज येतो म्हणून पार्टिशनचं दार लावून घेतलंत.