३८ पॉइंट आणि एक इंटरकॉम

लहान मुलांना घेऊन मे महिन्यात कुठे जावं, यावर आमच्या घरात जेवढा खल झाला तेवढा माझ्या लग्नाच्या वेळीही झाला नव्हता. महाबळेश्वर सासूबाईंनी फोनवरूनच बाद केलं. वाटेत पसरणीचा घाट लागतो, आणि आमच्या थोरल्याला उड्डाणपूलसुद्धा लागतो. दापोलीचा विचार झाला, पण धाकटी वाळू खाते. चाखत नाही, पोटभर खाते. लोणावळ्याला सुट्टीत निम्मी मुंबई आणि निम्मं पुणं आधीच पोचलेलं असतं, त्यात आमची भर कशाला? गोव्याचं नाव मी काढून पाहिलं. बायकोने काही न बोलता धाकटीचा डायपर माझ्या हातात दिला.

शेवटी अप्पांनी माथेरान काढलं. डोंबिवलीहून कर्जत लोकल पकडली की तासाभरात नेरळ. वर मोटारगाड्यांना बंदी, दस्तुरी नाक्याच्या पुढे एकही खासगी गाडी जात नाही, म्हणजे पोरं रस्त्यावर धावली तरी घोर नाही. हा मुद्दा आईसकट सर्वांना पटला. गाडी नसेल तर त्या पोरांना उचलून कोण नेणार, हा पोटप्रश्न त्या सभेत कुणी उपस्थित केला नाही.

अप्पा बँकेतून निवृत्त झाले, पण ताळा जुळवायची हौस अजून कामावर आहे. माथेरानला ३८ पॉइंट आहेत हे कळल्याबरोबर त्यांनी दोनशे पानी वहीत पट्टीने रेघा मारल्या, पॉइंटांची नावं ओळीने लिहिली आणि पुढे 'पाहिला' व 'शेरा' असे दोन रकाने पाडले. लुईझा, शार्लट, पॅनोरमा, गार्बट, अलेक्झांडर, किंग जॉर्ज, इको... वही मिटताना ते म्हणाले, "सकाळी लवकर निघायची शिस्त ठेवली तर सगळे होतील." त्यांच्या घरात शिस्त होती तेव्हा लहान मुलं म्हणजे मी आणि माझी बहीण होतो, आणि आम्ही त्यांना घाबरायचो. परिस्थिती आता तशी राहिलेली नाही.

सामानाबद्दल फार बोलत नाही. आम्हा चार मोठ्यांचं सामान एका बॅगेत मावलं आणि त्या दोघांचं तीन बॅगांत मावलं नाही. शिवाय बाबागाडी. ही माझ्या मेहुणीने सिंगापूरहून पाठवलेली. एका हाताने उघडते, एका पायाने मिटते, पेला ठेवायला जागा, ऊन लागू नये म्हणून छत. दस्तुरी नाक्यावर प्रवासी कर भरून आम्ही ती उघडली आणि समोर पाहिलं. तांबडी माती, जांभ्याचे वर आलेले दगड, झाडांची मुळं, घोड्यांची लीद. सिंगापूरच्या इंजिनिअरने यांपैकी कशाचाही विचार केलेला नव्हता. एक हमालीणबाई ते सगळं शांतपणे बघत होत्या. त्यांनी डोक्यावर चुंबळ ठेवली, तिच्यावर आमची सगळ्यांत जड बॅग, बॅगेवर मिटलेली बाबागाडी, आणि मला म्हणाल्या, "पोरगी तुम्ही घ्या खांद्यावर. चला." ई-रिक्षा आता तिथे सुरू झाल्या आहेत, पण त्यांच्या रांगेत आमच्या पुढे निम्मा ठाणे जिल्हा उभा होता.

घाटात काय झालं ते मधेच सांगून टाकतो. नेरळहून झुकझुक गाडीने थेट वर जायचा बेत होता, पण तिच्या फेऱ्या मोजक्या आणि तिकिटं त्याहून मोजकी, त्यामुळे टॅक्सी करावी लागली. थोरल्याने सगळी वळणं धीराने सोसली. आल्याची वडी, लिंबू, खिडकी, डोळे मिटणं, सगळे उपाय लागू पडले. शेवटच्या वळणावर टॅक्सीवाले काका कौतुकाने म्हणाले, "शहाणा आहे हो तुमचा मुलगा." बोलायला नको होतं.

तरी झुकझुक गाडी काही सुटली नाही. दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनापासून माथेरानपर्यंत तिची शटल चालते, तिची तिकिटं आम्हाला मिळाली. हमालीणबाई आमच्यावर विश्वास न ठेवता सामान घेऊन चालत पुढे निघाल्या. फलाटावर अप्पांना रंग चढला. ही रेल्वे १९०७ साली सुरू झाली, ती कुणा सरकारने नव्हे तर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःच्या पैशाने बांधली, दोन रुळांमधलं अंतर जेमतेम दोन फूट आहे, नेरळपासून २१ किलोमीटर ती अशी वळत वळत चढते. थोरल्याने सगळं ऐकून घेतलं. मग इंजिनाला पुढून एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "पण आजोबा, हिचं तोंड कुठाय?" कार्टूनमधल्या प्रत्येक इंजिनाला डोळे, नाक आणि मत असतं. तोंड नसलेल्या इंजिनावर त्याचा विश्वास बसेना. धाकटी गाडी हलल्याबरोबर झोपली. वीसेक मिनिटांच्या त्या प्रवासाचा व्हिडिओ माझ्याकडे आहे. त्यात माझा खांदा, तिची लाळ आणि मागे पळणारी थोडी झाडं दिसतात.

पॉइंट म्हणजे काय हे पोरांच्या उंचीवरून बघायला हवं. कड्याला कठडा असतो तो साधारण मोठ्या माणसाच्या कमरेएवढा. तीन फुटी माणसाला त्यापलीकडची दरी, धुकं, क्षितिज वगैरे काही दिसत नाही. त्याला कठडा दिसतो. म्हणजे आम्ही मैल-मैल चालत जाऊन धाकटीला एकामागून एक कठडे दाखवत होतो. उचलून घेतलं की दरी दिसते, पण तोवर तिचं लक्ष मक्याच्या कणसाकडे गेलेलं असतं. अप्पा मात्र प्रत्येक ठिकाणी वही उघडायचे, 'पाहिला'पुढे खूण करायचे आणि 'शेरा'मध्ये "उत्तम. वारा भरपूर" असं लिहायचे.

मंकी पॉइंट नावाचा पॉइंट वेगळा ठेवायचं तसं काही कारण नाही, कारण माकडं सगळीकडेच आहेत. एका माकडिणीने पोटाला पिल्लू लटकवलेल्या स्थितीत आमची चिक्की पळवली, झाडावर चढली, कागद सोलला आणि खात बसली. पिल्लू पडलं नाही, रडलं नाही, "मला लाल रंगाची हवी" म्हणालं नाही. बायको बराच वेळ वर बघत होती. मला वाटलं चिक्कीचं वाईट वाटतंय. मग म्हणाली, "दोन्ही हात मोकळे आहेत रे तिचे."

इको पॉइंटला अप्पांनी स्वतः पुढाकार घेतला. त्यांनी आधी "माथेराऽऽन" अशी आरोळी देऊन दाखवली. समोरच्या कड्याने ती व्यवस्थित परत दिली. थोरल्याने स्वतःचं नाव ओरडून पाहिलं, तेही आलं. आजूबाजूला बरीच मंडळी आपापली नावं दरीत टाकून परत घेत होती. मग अप्पांनी धाकटीला कडेवर घेतलं आणि म्हणाले, "बाळा, आता तू सांग डोंगराला. काय सांगायचंय ते मोठ्याने सांग." तिने श्वास भरून घेतला आणि जे सांगायचं होतं ते सांगितलं.

"शू आऽऽली!"

"आऽऽली," डोंगर म्हणाला. "...ली."

सगळा पॉइंट शांत झाला. पुढची दोन मिनिटं मात्र अख्ख्या सहलीतली सर्वांत शिस्तबद्ध होती. एका गुजराती आजींनी गर्दी बाजूला केली, एका कॉलेजच्या पोराने आपली पाण्याची बाटली पुढे केली, घोडेवाल्याने कोणत्या झाडामागे जायचं ते दाखवलं. एवढी एकी मी आमच्या सोसायटीच्या सभेत कधी पाहिलेली नाही. अप्पांनी त्या दिवशी 'शेरा' रिकामा ठेवला.

घोड्याचंही असंच. "मी नाही बसणार" म्हणून ज्या जागी थोरला अर्धा तास रडला, त्याच जागी नंतर "मी नाही उतरणार" म्हणून तेवढाच वेळ रडला. शाळेच्या दिवशी डोळ्यांवर पाणी मारून उठवावा लागणारा हा मुलगा माथेरानला भल्या पहाटे टक्क जागा झाला, म्हणून त्याला सूर्योदयासाठी घोड्यावरून पॅनोरमा पॉइंटला नेलं. तिथे सूर्य वर येत असताना त्याने घोडेवाल्याला विचारलं, "हा घोडा रात्री पांघरूण घेतो का?" घोडेवाले भाऊ बरे होते. त्यांनी घोड्याचं दिवसभराचं वेळापत्रक नीट सांगितलं.

पण खरी गंमत झाली ती सूर्यास्ताला. पॉर्क्युपाइन पॉइंटवर गर्दी जमली होती, समोर प्रबळगडाची भिंत, ऊन सोनेरी व्हायला लागलेलं. मी दोन्ही पोरांना पुढे जागा मिळवून दिली आणि मागे वळून पाहतो तर दोघं जमिनीवर पालथी पडलेली. कुणाच्या तरी भेळेतला एक कुरमुरा खाली सांडला होता आणि पाच-सहा मुंग्या तो उचलून नेत होत्या. वाटेत जांभ्याचा एक खडा. मुंग्या खड्याशी यायच्या, कुरमुरा तिरका व्हायचा, एक मुंगी वर चढून पाहणी करायची, बाकीच्या ढकलत राहायच्या, कुरमुरा गडगडत मागे. पुन्हा पहिल्यापासून. थोरला क्रिकेटच्या थाटात धावतं वर्णन करत होता. हळूहळू दुसऱ्यांची मुलं येऊन पालथी पडली. डझनभर पोरं सूर्याकडे पाठ करून गोल जमली. त्यांचे आईबाप "अरे तिकडे बघ, इतके पैसे खर्चून आलोय" असं मराठी, गुजराती आणि हिंदीतून ओरडत होते. अप्पा वही काखेत मारून नातवाला उठवायला गेले. गुडघ्यावर हात ठेवून वाकले. मग चष्मा वर सरकवला. मग चक्क उकिडवे बसले आणि मुंग्यांना उद्देशून म्हणाले, "अगं डावीकडून घ्या ना! डावीकडे उतार आहे!" कुरमुरा खड्यापलीकडे गेला तेव्हा टाळ्या पडल्या. कड्यावरची माणसं सूर्य बुडाला म्हणून टाळ्या वाजवत होती की काय ते कळलं नाही, कारण आमच्या घरातल्या कुणीच तो बुडताना पाहिला नाही. आईने पाहिला. ती म्हणाली, छान होता.

आणि तरीही पोरांना विचाराल तर माथेरानात बघण्यासारखी गोष्ट एकच: आमच्या खोलीतला इंटरकॉम. भिंतीवर लावलेला, पिवळट पडलेला, पिळाच्या वायरचा. वायरचा फोन दोघांनी जन्मात पाहिला नव्हता. "याला बांधून का ठेवलंय?" थोरल्याने विचारलं. पहिल्या दिवशी बायकोने नऊ दाबून "दादा, प्यायचं पाणी पाठवा" असं सांगितलं आणि पाच मिनिटांत एक मुलगा स्टीलचा जग घेऊन दारात आला. धाकटीने हे पाहिलं. घरी तिचं म्हणणं कुणी एका हाकेत ऐकत नाही. इथे भिंतीला सांगितलं की पाणी येतं. त्यानंतर आमचं लक्ष चुकलं की स्टुलावर चढून ती नऊ दाबायची आणि गंभीरपणे सांगायची, "पानी पाथवा." जग येत राहिले. टेबलावर जग, खिडकीत जग, बाथरूमच्या दारात जग. एवढ्या चढावर पाण्याची ही चैन आम्हीच करत असू. फोन काढून कपाटावर ठेवला तर थोरल्याने खुर्ची लावून दिली. अप्पांच्या वहीतले निम्म्याहून जास्त पॉइंट शिल्लक होते, पण दुपारी बाहेर पडायचं नाव काढलं की दोघं फोनला चिकटायची.

निघायच्या दिवशी बाबागाडीत करवंदं आणि जांभळांच्या पिशव्या भरल्या, कारण ती न्यायला एक ई-रिक्षा मिळाली होती आणि गाडीचा काही तरी उपयोग व्हावा अशी बायकोची इच्छा होती. काउंटरवर हिशेब करताना तिथल्या काकांनी विचारलं, "त्या पाणीवाल्या ताई कुठायत? एकदा बघू तरी." धाकटी लगेच माझ्या पायामागे. "बोल ना, काका विचारतायत," बायको म्हणाली. ती ढिम्म. "नाव काय बाळा तुझं?" नाही. "गोळी पाहिजे?" नाही. माझी पँट तिने दोन्ही मुठींत आवळून धरली होती. काकांनी जरा विचार केला, काउंटरवरचा रिसीव्हर उचलून कानाला लावला, भिंतीकडे तोंड केलं आणि रोजच्या आवाजात म्हणाले, "हॅलो, रिसेप्शन."

"पानी पाथवा," माझ्या पायामागून आवाज आला.