आमच्याकडे तर पाणी व्यवस्थित जातंय!

तळमजल्यावर राहणाऱ्याला वरच्यांकडे आज काय शिजलं हे विचारावं लागत नाही, नहाणीच्या जाळीतून आपसूक कळतं. आमची पुण्यातली बिल्डिंग साठच्या दशकातली, भिंतीवर बिडाचे पाईप आणि जमिनीखाली चिनी मातीचे, ते पण दोन-दोन फुटी तुकडे, म्हणजे दर दोन फुटाला सिमेंटचा एक जोड आणि कंपाऊंडमधल्या उंबराला तेवढंच हवं असतं. जोडाची भेग सापडली की बारीक मूळ आत शिरतं, मग त्याला वरून आलेलं तेल-तूप चिकटतं, आणि बरोबर पाहुणे आलेल्या दिवशी चेंबर तुंबतं. बरं, चार इंची पाईपला ४० फुटाला एक फूट उतार लागतो, आमचा मधेच बसलाय, त्यामुळे पाणी तिथे मुक्कामालाच थांबतं.

कोणी म्हणतं ॲसिड ओता. अहो त्याने मूळ मरत नाही, बीड तेवढं झिजतं!

अशा वेळी तिसऱ्या मजल्यावरचे काका गॅलरीतून हमखास ओरडतात, "आमच्याकडे तर पाणी व्यवस्थित जातंय हो!" जातंय ना काका, आमच्याकडेच येतंय.

मग ड्रेनेजवाला येतो, बांबूच्या पट्ट्या तारेने एकमेकींना बांधून एका चेंबरमधून ढकलत बसतो आणि पोराला पुढच्या चेंबरपाशी उभं करतो, "आली का रे?" परवा ओढल्यावर हातभर लांब मुळांचा गोळा आला, पाईपच्या मापाचा अगदी गोल, साधूच्या जटेसारखा, त्यात शाम्पूच्या पुड्या, एक चमचा आणि पट्ट्यापट्ट्यांचा मोजा. चमचा लगेच ओळखला गेला, मोजा मात्र कोणाचाच नाही.

मीटिंगमध्ये उंबर तोडायचा विषय निघाला तर सगळे गप्प, खाली दत्ताच्या पादुका आहेत, शिवाय महापालिकेची परवानगी लागते. एकाने "एखादा माणूस उतरवा की आत" असंही सुचवलं, माणसाला अशा धोकादायक सफाईसाठी गटारात उतरवायला बंदी करणारा २०१३ चा कायदा होऊन इतकी वर्षं झाली तरी लोकांना हे सुचतंच कसं कोण जाणे. शेवटी मी म्हटलं सगळी लाईन काढून पीव्हीसी टाकू, वर्गणी काढू. त्यावर काका शांतपणे म्हणाले, त्रास तळमजल्याला होतो, तर खर्चही तळमजल्यानेच करावा. दोघांनी अनुमोदन दिलं आणि सेक्रेटरींनी ते मिनिट्समध्ये लिहूनही घेतलं.